रिकामी वायर

मीटर कुईकुई करायला लागलं तेव्हा आत्यांनी देवापुढं नुकतीच वात लावली होती. मी पुरणयंत्र धुऊन पालथं घालत होते. आम्ही दोघींनी एकाच वेळी दारावरच्या त्या पांढऱ्या डबीकडं पाहिलं. तिच्यातला तांबडा दिवा लुकलुकत होता.

"आत्या, करंट संपत आला."

"ओरडतंय म्हंजे अजून हाय," डोळे मिटून, हात जोडलेलेच ठेवून त्या म्हणाल्या. "संपल्यावर गप बसतंय ते."

"फ्रीजमध्ये चक्का आहे. सगळ्या कॉलनीचा! पैसे द्या, मी पळत जाऊन रिचार्ज घेऊन येते. खिडकी अजून उघडी असेल."

आत्यांनी डोळे उघडले. आधी देवाकडं पाहिलं, मग समईकडं, मग माझ्याकडं.

"दिवा लागला, मंदा."

"मला दिसतोय."

"दिवेलागणीनंतर या घरातनं पैसा बाहेर जात न्हाई. त्यात आज अवस."

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. नाव द्रौपदाबाई, आणि वागणं नावाला साजेसं. एकदा त्यांनी मान हलवली की समोर कुणीही असो, विषय संपला. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षच झालं होतं आणि त्या मानेशी माझी रोज कुस्ती चालायची. बहुतेक वेळा मीच चीत व्हायचे.

आम्ही सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. कारखाना स्वतःची वीज स्वतः करायचा आणि तीच कॉलनीला द्यायचा. सासरे आजारी पडले तेव्हा घरातला सगळा पैसा दवाखान्यात गेला आणि विजेची बिलं तशीच राहिली. सासरे गेले, हे त्यांच्या जागी कारखान्यात लागले, आणि क्वार्टरबरोबर थकबाकीही वारशानं मिळाली. पुढं कारखान्यानं सगळ्यांकडं नवी मीटर बसवली. आधी पैसे, मग वीज. ऑफिसच्या खिडकीत पैसे भरायचे, तिथं एक मारुतीच्या शेपटीएवढा नंबर मिळायचा, तो घरी येऊन मीटरची बटणं दाबून आत घालायचा. बाकीच्यांना शंभर रुपयांची वीज शंभराला मिळायची. आमचं मीटर शंभरातले निम्मे जुन्या थकबाकीपोटी गिळायचं आणि उरलेल्यांची वीज द्यायचं.

आत्या त्याला 'जावईबापू' म्हणायच्या. कितीही वाढा, पोट काही भरत नाही.

या जावईबापूंच्या धाकात आमचं घर चालायचं. पंखा एकच, तोही माणूस बघून लावायचा. इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे. टीव्हीवर मालिका लागली की घरातले बाकीचे सगळे दिवे बंद, आणि जाहिराती लागल्या की टीव्हीसुद्धा बंद! पुन्हा लावेपर्यंत तिकडं कुणाचं तरी लग्न मोडलेलं असायचं आणि का मोडलं ते आम्हाला कधीच कळायचं नाही.

श्रीखंडाची कल्पना माझी. बार्शीला माझी आई पाडव्याला आख्ख्या गल्लीचं श्रीखंड करायची, माझा हात त्यावर बसलेला होता. एका पाडव्याला जर सगळ्या कॉलनीनं आपल्याकडून श्रीखंड घेतलं, तर जावईबापूंची थकबाकी एकदमच तोंडावर मारता येईल, असा माझा हिशेब. आत्यांनी आधी नाक मुरडलं. मग एक दिवस मला न सांगता त्याच ओळीओळीनं फिरून ऑर्डरी घेऊन आल्या, आणि त्या दिवसापासून श्रीखंडाची कल्पना त्यांची झाली. दूधवाल्याकडून दूध उधारीवर आलं. विरजण लावलं, फडक्यात बांधून टांगलं, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी आमचा जुना फ्रीज चक्क्यानं असा ठासून भरला की दार लागेना. दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीवर दळणाचा डबा ठेवला.

आता त्या फ्रीजचा करंट संपत आला होता. बाहेर मार्चअखेरचा उकाडा. रात्रभर फ्रीज बंद राहिला असता, तर चक्का आंबून सकाळी गाईपुढं ठेवावा लागला असता. थकबाकी राहिली असतीच, वर दूधवालाही दारात उभा राहिला असता.

"आत्या, अहो लक्ष्मी घराबाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही पैसे देत नाही. पण चक्का नासला तर लक्ष्मी यायचीच नाही ना!"

"येणाऱ्या लक्ष्मीसाठी असलेली हाकलायची व्हय?"

मी कपाळाला हात लावला. मग मला एक सुचलं. "बरं, माझ्याकडं पैसे आहेत. आईनं ओटीत घातलेले. ते माझ्या माहेरचे. या घरची लक्ष्मी नव्हे ती."

आत्यांनी यावर चांगला विचार केला. त्यांच्या कायद्यात अशी पळवाट आहे की नाही, हे त्या मनातल्या मनात तपासत होत्या.

"बार्शीची लक्ष्मी," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला आडवायचा मला अधिकार न्हाई. पळ!"

मी चप्पलसुद्धा नीट घातली नाही. कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं पदर खोचून पळत सुटले. लोक ओट्यावर बसून उद्याच्या गुढीच्या काठ्या पुसत होते. "काय गं साबळ्यांच्या सूनबाई, श्रीखंड झालं का?" असं तिघाचौघांनी विचारलं, आणि मी "झालंच, झालंच!" म्हणत पुढं गेले. ऑफिसपाशी पोचले तर खिडकीची फळी पडलेली. आतला बाबू सणाची भाजी आणायला लवकर निघून गेला, असं राखणदारानं सांगितलं. सकाळच्या पाळीला खिडकी उघडेल, त्याच्या आधी नाही.

परत आले तेव्हा आमचं घर काळोखात होतं. देवापुढची समई तेवढी जळत होती. मीटर गप्प होतं. फ्रीज आमचा बोलका, चालू असला की घरघर आख्ख्या घराला ऐकू यायची. तीही थांबली होती. आत्या खुर्चीशेजारी, फ्रीजच्या दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. त्यांच्या पाठीनं आतला गारवा अडवून धरता आला असता, तर तो सकाळपर्यंत तिथून हलला नसता.

"बंद होती?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या एवढ्याशा झालेल्या मला पहिल्यांदाच दिसल्या. भांडायला निदान दुसरं माणूस ताठ असावं लागतं. मला रडूच आलं.

"आत्या, आता एकच उपाय आहे. घोडकेकाकू."

आत्या ताडकन उठल्या. "चक्का गटारीत गेला तरी चालंल!"

घोडक्यांची क्वार्टर आमच्या शेजारची. मागच्या अंगणात दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. घोडकेकाकूंचं नाव कालिंदी. त्या आणि आत्या एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून कॉलनीत आलेल्या. एकमेकींची बाळंतपणं केली, एकमेकींच्या पोरांना बदडलं. त्या भिंतीवरून इकडं तिकडं इतक्या वाट्या गेल्या की भिंतीचा एक भाग गुळगुळीत झाला होता.

मग ती नवी मीटर आली. घोडकेकाका कारखान्याच्या विजेच्या खात्यात. आमचं मीटर बसवायला तेच आले आणि त्यांच्याच हातानं त्यात आमची थकबाकी चढली. त्या दिवसापासून आत्यांनी घोडक्यांशी बोलणं टाकलं. 'माझ्या हातचा चहा प्याला, आणि माझ्याच भिंतीवर माझं कर्ज टांगून गेला,' असं त्या म्हणायच्या.

आणि या सगळ्यात एक डबा अडकला होता. पितळी, कडीचा, झाकणावर 'का. घो.' अशी अक्षरं कोरलेला. भांडण झालं त्या आठवड्यात काकूंनी त्यातून शेंगांची चटणी धाडली होती. आता शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे कुणीही सांगेल. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण आत्या बोलत नव्हत्या, म्हणून डब्यात काही घालता येईना, आणि काही घातलं नव्हतं, म्हणून डबा परत देता येईना. तो तसाच फळीवर बसून होता. दर दिवाळीला आत्या तो चिंचेनं लख्ख घासायच्या आणि पुन्हा फळीवर ठेवायच्या. आमची भांडी एकवेळ काळी राहिली, पण वैऱ्याचा डबा कायम सोन्यासारखा.

मी आत्यांचं ऐकलं नाही. मागच्या अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडावर चढून भिंतीवरून हाक मारली. "काकू!"

घोडकेकाकू अंगणातल्या बल्बखाली बसून गुढीसाठी कडुलिंबाच्या डहाळ्या निवडत होत्या. काका कारखान्यावर होते. गाळप संपत आल्यामुळं त्यांना दोन-दोन पाळ्या कराव्या लागत होत्या.

"आमचा करंट गेला, काकू."

"अवसेला अंधार असतोच," काकू डहाळीवरची नजर न काढता म्हणाल्या.

"फ्रीजमध्ये उद्याचा चक्का आहे. सकाळपर्यंत आंबेल सगळा. तुमच्याकडून एखादी वायर मिळाली तर…"

काकूंचे हात थांबले. त्यांनी आमच्या मागच्या दाराकडं पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्यामागं कोण उभं आहे, हे सांगायची गरज नव्हती. काकूंनी आवाज चढवला.

"तू आपणहून आलीस, का सासूनं धाडलंय?"

"आपणहून."

"मग जा बाई घरी. तू काल आलेली. शेजार तुझ्या सासूचा हाय. तिला मागू दे."

दारामागून आवाज आला. "मंदा, तिला सांग, मागायची सवय न्हाई आम्हाला!"

"मंदा, तिला सांग, दर दोन दिसाला वाटी घेऊन या भिंतीशी उभी राहायची तवा बरी सवय हुती!"

"मंदा, तिला सांग, त्यातली एक वाटी जरी रिकामी परत आली असंल तर दाखव म्हणावं!"

"मंदा, तिला सांग…" काकू उठून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले. "तिला सांग, माझा डबा कुठाय म्हणावं!"

मी दगडावर उभी. कुणालाच काही सांगायची वेळ आली नाही, दोघींचे आवाज कारखान्याच्या भोंग्यापर्यंत जात होते. पण या शेवटच्या प्रश्नावर दारामागचा पदर हलला आणि आत गेला. मला वाटलं, संपलं. आता चक्का आंबतो, आणि या दोघी मरेपर्यंत मला मध्ये दगडावर उभं करून भांडतात.

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग फ्रीजचं दार. मग पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज, बराच वेळ. काकूही कान देऊन ऐकत होत्या. हातातली डहाळी त्यांनी पार ओरबाडून टाकली होती.

आत्या बाहेर आल्या. हातात तो पितळी डबा होता. समईच्या उजेडात घाईघाईनं साखर घोटून, त्यांनी तो काठोकाठ श्रीखंडानं भरला होता. त्या सरळ भिंतीपाशी आल्या, त्या गुळगुळीत जागी.

"मंदा, तिला सांग…" त्यांनी सुरुवात केली. मग माझ्याकडं न बघता त्यांनी डबा भिंतीवर ठेवला. "कालिंदे, घे. तुझा डबा. रिकामा न्हाई."

काकूंनी डबा उचलला. हातात घेऊन जोखला. झाकणावरून अंगठा फिरवला, ते लखलखीत पितळ बघितलं. मग कडी काढली, बोट बुडवलं, चाटलं.

"साखर कमी हाय."

"मुरंल सकाळपतुर."

"जायफळ?"

"झोपाळ्यागत डुलशील, एवढं घातलंय."

"मग काय पायजे म्हणतीस?"

आत्यांनी घसा साफ केला. "करंट पायजे."

"मागतीस व्हय?"

"मागतीय की गं बाई! आता काय ताम्हनात घालून मागू?"

काकू वळल्या आणि लगबगीनं आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर काकांच्या सामानातली लांबलचक काळी वायर होती. एक टोक त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्लगात, दुसरं भिंतीवरून आमच्याकडं. मी ते खिडकीतून आत ओढलं, फ्रीजची पिन खोचली, आणि आमचा फ्रीज घसा खाकरून घरघरायला लागला. तो आवाज ऐकून आत्या स्वयंपाकघरात मटकन खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या. मीही हसले. अंधारात आम्ही दोघी सासू-सुना खुळ्यासारख्या हसत बसलो. लग्नानंतर आम्ही एकाच गोष्टीला एका वेळी हसायची ती पहिली खेप.

थोड्या वेळानं काकूंकडचा दिवा गेला. लवकर झोपल्या, असं मला वाटलं. हे पाळीवरून आले, समईच्या उजेडात जेवले, भिंतीवरून आलेली वायर बघून "समेट झालेला दिसतोय" एवढंच म्हणाले आणि आडवे झाले.

सकाळी मी रांगोळी काढायला दार उघडलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. शेजारच्या ओट्यावर घोडकेकाकू बसल्या होत्या. भिंतीला टेकलेल्या, पदर घामानं ओला, आणि हातात कॅलेंडरचा जुना पुठ्ठा. त्यानं वारा घेत होत्या.

"काकू, इतक्या लवकर उठलात?"

"झोपले कुठं? आत नुसती भट्टी हाय."

"मग पंखा नाही लावला?"

काकूंनी पुठ्ठा थांबवला. "फ्रीज चालू हाय न्हवं?" असं मात्र विचारलं.

त्यांचं दार उघडंच होतं. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात दारावर एक तांबडा दिवा लुकलुकत होता. तो दिवा मी आमच्या घरी इतक्या वेळा बघितला होता की दुसऱ्यांच्या घरातही मला तो लगेच ओळखू आला. त्यांचंही मीटर तळाला आलं होतं. काका डबल पाळीत, रिचार्ज आणायचं राहून गेलेलं, खिडकी बंद. जो काही करंट उरला होता, तो आमच्या फ्रीजला पुरावा म्हणून बाई पंखा, दिवा सगळं बंद करून रात्रभर ओट्यावर बसली होती.

मी रांगोळीचा डबा तिथंच टाकला आणि आत पळाले. "आत्या!"

आत्या आल्या. त्यांनी काकूंकडं पाहिलं, आतल्या तांबड्या दिव्याकडं पाहिलं, पुठ्ठ्याकडं पाहिलं. मग बऱ्याच वर्षांनी त्या घोडक्यांच्या ओट्याची पायरी चढल्या आणि काकूंच्या शेजारी बसल्या. हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि त्यांना वारा घालायला लागल्या.

"येडी हायस का गं तू?"

"तुझ्यापेक्षा कमी," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात सायकलवरून घोडकेकाका आले. त्यांनी आल्या आल्या भिंतीवरची वायर बघितली, मग ओट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघी बघितल्या, आणि सायकल स्टँडवर लावायचंच विसरले. ती धाडकन पडली. त्यांच्या खिशात रिचार्जचा नंबर होता. खिडकी उघडल्या उघडल्या ते तो घेऊन आले होते.

"भावजी," आत्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला, तेव्हा काकाही चपापले. "तुमच्या घरात काल माझ्यापायी अंधार झाला."

"असू द्या हो वहिनी. एका रात्रीचं काय!" काका सायकल उचलत म्हणाले. "तुमचा कायमचा व्हायचा होता, तोसुद्धा टळलाच की."

"म्हंजे?"

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी 'आता सांगा' अशी मान हलवली.

"मीटर बसवायच्या वेळी साहेबांनी मला तुमची लाइन तोडायला सांगितली होती. थकबाकी एकरकमी भरल्याशिवाय जोडायची न्हाई, असा हुकूम. मी म्हणालो, साहेब, त्या घरात आत्ताच माणूस गेलंय. तुम्ही थकबाकी मीटरवर चढवा, थोडी थोडी कापून घ्या, पण दिवा जाऊ देऊ नका. लई हातापाया पडावं लागलं. तवा कुठं ऐकलं."

आत्यांच्या हातातला पुठ्ठा थांबला. आमच्या जावईबापूंना घोडकेकाकांनी आमच्या घरात आणून बसवलं होतं खरं. पण ते आले नसते, तर आम्ही समईवर दिवस काढले असते.

"मग त्याच वेळी का न्हाई सांगितलंत?" आत्यांचा आवाज चिरकला.

"सांगायला तू बोलत हुतीस का?" काकू म्हणाल्या.

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. काकू त्यांच्याकडं तिरक्या डोळ्यांनी बघत म्हणाल्या, "रडायचं असंल तर सावकाश रड, पण वारा घालायचं थांबवू नकोस. उकडतंय."

आत्यांनी त्याच हातानं उरलेल्या चक्क्यात साखर घोटली, आणि त्या दिवशी आमच्या दारात गुढीपेक्षा उंच गर्दी झाली. लोक डबे घेऊन येत होते, मी भरत होते आणि आत्या पैसे घेऊन पदराच्या गाठीत बांधत होत्या. दुपारपर्यंत फ्रीज रिकामा झाला. शेवटचं पातेलं मी बोटानं पुसून चाटलं तेव्हा कळलं, साखर खरंच कमी होती. कुणी काही बोललं नाही. सणाच्या दिवशी लोक मोठ्या मनाचे असतात.

दूधवाल्याचे पैसे बाजूला काढले आणि खिडकीवर पैसे भरायला आत्या स्वतः गेल्या. अनवाणी, नव्या लुगड्यात, देवळात निघाल्यासारख्या. जुनी थकबाकी एकरकमी भरली, वर थोडं रिचार्ज घेतलं. घरी आल्यावर त्यांनी मला मीटरला हात लावू दिला नाही. स्टुलावर चढून, नंबर मला मोठ्यानं वाचायला लावून, एकेक बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. मीटरनं एकदा टुक केलं आणि भरलेल्या पैशांची वीज पहिल्यांदाच सगळीच्या सगळी दाखवली. आत्यांनी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

"आले बाई माणसात जावईबापू," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ झाली. आत्यांनी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि मला म्हणाल्या, "मंदा, ती वायर घे."

"गुंडाळून देऊ काकूंना?"

"गुंडाळून? रिकामी?" माझ्यासारखी निर्बुद्ध सून साऱ्या जिल्ह्यात नसेल, अशा नजरेनं त्यांनी मला पाहिलं. "वायर उलटी फिरव. त्यांच्याकडचं पिनेचं टोक काढून आपल्या प्लगात घाल. फ्रीजकडचं टोक तिच्या हातात दे."

"पण आत्या, दिवा लागलाय. दिवेलागणीला घरातून काही द्यायचं नसतं ना?"

"पैसा द्यायचा नसतो. वारा द्यायला काय हुतंय?"

आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. काकूंनी अंगणात खाट टाकली होती आणि उशाशी टेबलफॅन चालू होता, त्यांच्याच करंटवर.

"कालिंदे, तुझी वायर घे."

काकू उठून आल्या. वायरीचं टोक हातात घेतलं, मग वायरीच्या मागं मागं नजर नेत ती आमच्या खिडकीतून आत प्लगापर्यंत पोचवली. काय ते त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, माझं मीटर भरलंय आज. यांनी सकाळीच आणलंय."

"भरलं असंल. म्हणून काय तुझं भांडं रिकामं परत देऊ व्हय मी?"

काकू टोक घेऊन खाटेपाशी गेल्या, टेबलफॅनची पिन त्यांच्या प्लगातून उपसली आणि आमच्या वायरीत खोचली. पंखा थांबला, पुन्हा फिरायला लागला. काकू खाटेवर आडव्या झाल्या. भिंतीला हनुवटी टेकून आत्या बघत उभ्या होत्या.

"द्रौपदे," काकू डोळे मिटत म्हणाल्या, "तुझ्या करंटनं झोप यायला लागली गं."

"येणारच," आत्या म्हणाल्या. "जायफळ घातलंय त्यात."